भिंतीवरच्या कागदातला पाळणा

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका दुकानात माल परत करायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. खोटं सांगत असेन तर माझे उरलेले दोन दात पडोत!

“मार्लिस, त्या भिंतीवरच्या कागदातला पाळणा तुझ्या नातवाचाच ना गं?”

“अगदी तसाच. काय लिहिलंय? माझा चष्मा गाडीत राहिला.”

“कंपनीनं हा पाळणा परत मागवलाय. बाजू निसटते, बाळ अडकतं. वापरणं ताबडतोब थांबवा.”

“अगं बाई! मग कंपनीनं मला कळवलं का नाही?”

“शेजारणीनं अंगणात विकायला मांडलेल्या जुन्यापान्यातून उचललास ना? कंपनीला तुझा पत्ता कोण देणार?”

“वर्नला फोन लाव, घरी बाळाजवळ तोच आहे. मला चष्म्याशिवाय नंबर दिसायचा नाही.”

“लावला. वर्न, बाळ कुठंय?”

“काय म्हणतो?”

“म्हणतो, हळू बोल, आत्ताच पाळण्यात डोळा लागलाय.”

“मग मोठ्यानं ओरड! उचल म्हणावं आधी, मला त्याचं रडणं ऐकू दे!”