‘लिहू’ची भट्टी

—नाही साहेब, मी बंदरावर येणार नाही. नवरा माझा, पण बसलाय तुमच्या बोटीत. अख्ख्या रेल्वे कंपनीला एक म्हातारा कोळसेवाला भट्टीपासून उठवता येईना, म्हणून बायकोला आणायला आलात? छान. बसा — त्या पेटीवर नको, टोमॅटो भरलेत.

‘लिहू’ बोट भंगारात चाललीय, संध्याकाळी तिला ओढून नेणार — सगळ्या सेंट पीटर पोर्टला ठाऊक आहे. पण रेल्वेला बोट हवीच कशाला होती? रूळ पलीकडे समुद्रापाशी संपले, पुढे आमच्या बेटावर यायला बोटच हवी, म्हणून. मग दुसऱ्या रेल्वे कंपनीनंही एक बांधली, की लागल्या दोघी शर्यतीला. वर मखमलीवर लंडनच्या बाया ओकताहेत, खाली आमच्या गाई शांत उभ्या. लढाईत सैनिक नेले, मग टोमॅटो — टोमॅटो जास्त जपून उतरवायचे. आणि घाई कसली? पलीकडे गाडी उभी! गाडी चुकायला नको, म्हणून बंदरातसुद्धा भट्टी विझवायची नाही, निखारा झाकून ठेवायचा. आमचा हा एलिशा स्वतःच्या लग्नाच्या जेवणातून उठून गेला, निखारा बघायला. बाई ठेवली असती तर परवडलं असतं — झिंज्या तरी उपटल्या असत्या. बोटीचं काय उपटणार?

आणि धक्क्याशी वळताना दोन आखूड शिट्ट्या. लोकांना वाटायचं, बंदराला इशारा. बंदराला कसला — मला, किटली ठेव म्हणून. वर शिट्टीपाशी असलेल्या माणसाला तंबाखू चारून वाजवून घ्यायचा. मी ठेवायचे हो. भांडण असलं तरी ठेवायचे.

पोलीस आणणार म्हणता? आणा. फावडं आहे त्याच्या हातात. ओढून तो येणार नाही — निखारा आहे तोवर नाहीच. निखारा काढलात तर आपणहून उठेल. गार भट्टीपाशी तो क्षणभर थांबायचा नाही. त्याची आई गेली तेव्हा तिचा हात गार लागला, तसा उठला, सरळ बाहेर गेला, मागे वळून—

कुठं निघालात? साहेब, टोपी ठेवा खाली. मी काही सांगितलं नाही तुम्हाला.

...

बरं. जा. पोलीस नकोत मग, ऐकलंत? ही घेवड्याची हंडी न्या त्याला, रात्रभर बेकरीच्या भट्टीत शिजत होती, आत्ताच आणलीय. मी दिली म्हणू नका. आणि निखारा काढण्याआधी, वाफ आहे तोवर, शिट्टी वाजवायला लावा कुणाला तरी. दोनदा. आखूड.

बघत काय बसलात? दार ओढून घ्या जाताना. मला किटली ठेवायचीय.