हं, तिथेच

केमोनं पाय बधिर झालेल्या आम्ही सगळ्या मालिशच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. माझ्या शेजारी एक भावजय आणि तिची थोरली नणंद.

“वन्सं, मला बोलावलं की तुम्ही बाहेरच बसा.”

“वा! हात कसा फिरवायचा ते मालिशच्या बाई मलाच तर शिकवणार आहेत.”

“आज त्या डोळे मिटायला लावणार. कुठल्या बोटाला हात लावला, ते ओळखायचं.”

“मग ओळख की. रोज तर म्हणतेस, आता छान कळतंय.”

“नाही कळत. आग होते तेवढी कळते, तुमचा हात कळत नाही. तुम्ही इतका जीव तोडून चोळता, म्हणून मी आपलं म्हणते.”

“ठाऊक आहे मला.”

“ते कसं?”

“परवा दूध उतू चाललं म्हणून मी मधेच उठून गेले. परत येते तर तू डोळे मिटून म्हणतेयस, ‘हं, तिथेच. जरा जोरात.’”

“अगं बाई! मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते, तर पुन्हा चोळू दिलं असतंस?”

आतून हाक आली. भावजय उठली.

“थांब, उजवी चप्पल निघालीय पायातून. पडशील. बस, मी घालते.”

“अय्या वन्सं, किती गार हात तुमचा!”

“पुरे. आता आणखी थापा नकोत.”

“थाप नाही हो, खरंच. अंगठ्यापाशी.”

“इथे?”

“नाही, जरा अलीकडे. हं, तिथेच.”

आतून पुन्हा हाक आली. दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही.