आजचा आकडा

मन खचलेल्यांच्या डोक्याला चुंबकाचे ठोके देतात, त्या दवाखान्यात मी भावाची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक घड्याळजी आणि त्यांची बायको.

“अहो, पाय नका हलवू. अख्खा बाक हलतोय.”

“हलू दे. पेन कुठंय?”

“हे घ्या, आणि हा रोजचा कागद. मन कसं आहे, दहापैकी किती? आठ लिहा. काल सात होतं.”

“लिहितो गं. घाई कसली?”

“आठ झालं की ठोक्यांचे उरलेले दिवस कमी करू, म्हणालेत डॉक्टर. सुटाल एकदाचे.”

“चुंबक लागलेलं घड्याळ काय करतं?”

“पुढं पळतं. तीस वर्षं ऐकतेय.”

“आणि गिऱ्हाईक?”

“गिऱ्हाईक खूश. मागं तर पडत नाही ना!”

“तसंच झालंय माझं.”

“म्हणजे? सरळ बोला ना.”

“पहिल्या आठवड्यात चुकून दोनाचे तीन लिहिले. तू खांद्यावरून वाचत होतीस. केवढी हसलीस! मग रोज वाढवत गेलो.”

“मग खरा आकडा किती?”

“दोन. एखाद्या दिवशी तीन.”

“आणि कालचा सात?”

“तो तुझा होता.”

आतून नर्सनं हाक मारली, “घड्याळजी, कागद भरून झाला का?”

“थांबा हो सिस्टर, दोन मिनिटं!” बायकोच ओरडली. मग हळूच म्हणाली, “लिहा आता. मी भिंतीकडं तोंड करून बसते.”