पळून गेलेली शिडी

...आणि वर मलाच म्हणतात, "भावोजी, मुलांच्या चुका काढायच्या नाहीत हं!" अहो, तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी, भल्याभल्यांच्या वेलांट्या सरळ केल्या! आणि आमच्या वहिनी, दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांना गोष्टी लिहायला शिकवतात, त्या मला मदतीला बोलावतात आणि म्हणतात चुका काढू नका! मग तिथे बसून काय करू, पंख्याची पाती मोजू? पण आता या बाईपुढे काय बोलणार!

तर तिथे एक रंगाऱ्याची मुलगी. तीन शनिवार कागद कोराच! चौथ्या शनिवारी एक ओळ लिहिली... "बाबांची शिडी पळून गेली." माझ्या तोंडून गेलंच हो, "अगं, शिडी पळत नाही, चोरीला जाते!" झालं! पोरीनं कागदावर हात ठेवला, डोळे भरले.

वहिनी उठल्या. सरळ फरशीवर फतकल मारून बसल्या तिच्याशेजारी. "का गं पळाली?"

"कंटाळली."

"कशाला?"

"सगळे तिच्यावरून वर जातात... ती खालीच राहते."

घ्या! आठ वर्षांची पोर! वहिनी एवढंच म्हणाल्या, "अगंबाई! मग गेली कुठे?" ना उपदेश, ना शाबासकी, नुसतं विचारत राहिल्या, आणि पोरगी लिहीत सुटली, चार पानं! आता या बाईपुढे काय बोलणार, सांगा!

मग वाचायला उभी राहिली. आवाज एवढासा, पण सगळी पोरं पुढे सरकून ऐकायला लागली. दारात तिचे बाबा, न्यायला आलेले, कोपरापर्यंत पांढरा रंग. शेवटी ती वाचते, "शिडी दूर माळावर गेली, तिथे टेकायला भिंतच नव्हती, म्हणून ती रडली."

तो बाप दारातूनच म्हणाला, "अगं, पण घरी येताना मी तिला खांद्यावर घेतो की. तेव्हा ती माझ्याही वर असते."

"थांबा बाबा, बोलू नका, लिहून घेते!"

वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या. मी? मी चष्मा पुसत होतो. बराच वेळ!

तुम्हाला सांगतो, त्या चार पानांत सदतीस चुका होत्या. मोजल्या, आणि तशाच सोडून घरी आलो... म्हातारपणी चारित्र्य बिघडलं हो माझं!