गुगलवर दादांच्या खाली

हसू नका, पण गिऱ्हाइकाचं नाव गुगलवर वर आणून द्यायचं काम घ्यावं का न्हाई, हे माझं एका फोनवर ठरलं. लातुरात मी वेबसाइटी करतो, तर आधी निलंग्याच्या मंडपवाल्या काकांना विचारलं.

"काका, मंडप शोधला की तुमचंच नाव पहिलं."

"आत्ता कुणाचं हाय?"

"तुमच्या थोरल्या भावाचं."

काका ताडकन उठले. "दादांच्या वर माझं नाव? पत्रिकेत खाली छापलं म्हणून दादा माझ्या लेकीच्या लग्नात जेवले न्हाईत! मला दुसरा ठेव."

ठेवला. महिन्याभरानं त्यांच्या दाजींचा फोन. त्यांचाही मंडपच.

"त्या घरचा जावई हाय मी, अन् मला तिसरा नंबर?"

"दाजी, नंबर गुगल लावतं."

"मग त्या गुगलला म्हणावं, टोपी-टावेल घेऊन रुसवा काढायला ये!"