पोटमाळा झडपेतून पाहिला

नाही, नाही, बसा तुम्ही, मिस्टर स्ट्राउड — पाहणी चालू असताना घर विकणाऱ्यानं बाहेर कुठेतरी कॉफी प्यायला जावं असा रिवाज आहे खरा, पण तो मी तुम्हाला काय सांगणार? सव्वीस वर्षं तुम्हीही घेणाऱ्यांसाठी विकाऊ घरंच तपासलीत. आणि तुमच्या या गुडघ्यांनी जाणार तरी कुठे? तळघर बघून झालं, घर तापवायची भट्टी झाली, विजेची पेटी झाली. राहिला तो पोटमाळा. शिडी लावून ठेवली आहे मी आतल्या बोळात. जाईन. मघाशी तुम्ही विचारलंत ना, हल्ली घरं तपासायचा परवाना कसा मिळतो म्हणून — सहज विचारलंत, वेळ जावा म्हणून — तर सांगते. तुमच्या काळी ओहायोत परवाना लागतच नव्हता. कार्डं छापून आणली, हातात टॉर्च घेतला, की झाला माणूस तपासनीस. बरोबर ना? हसू नका, मी चेष्टा करत नाही.

आता आधी ऐंशी तासांचे वर्ग. बेकरीतली नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार कोलंबसला जाऊन केले मी ते — एकोणीस पुरुष आणि मी. शिकवणारे गृहस्थ विचारायचे, "बर्कहार्टबाई, छपराचं सोडून बाकी काही लिहून घेत नाही का हो तुम्ही?" मी म्हणायचे, आवड आहे. मग परीक्षा — दोनशे प्रश्न, चार तास. पहिल्या खेपेला नापास! का? पाण्याचा निचरा, जमिनीचा उतार, काही वाचलंच नव्हतं. मला ठाऊक होते ते फक्त वासे. दुसऱ्यांदा सुटले. मग बोटांचे ठसे — परवाना मागणारा माणूस गुन्हेगार नाही ना, हे सरकार बघतं. मनातल्याचा ठसा उमटत नाही, एवढं एक बरं.

आणि शेवटी अनुभव — परवाना असलेल्या माणसासोबत दहा घरं फिरायची, त्यानंही तपासायची, आपणही तपासायची, मग दोघांचे अहवाल शेजारी ठेवून बघायचे. त्यासाठी पहिला फोन मी तुम्हाला केला होता — तुम्हा जुन्या लोकांना परवाना आयताच मिळाला होता ना. आठवत नाही? तुम्ही म्हणालात, "बाईमाणसाला शिड्या झेपत नाहीत." तुम्ही! मग ग्रेटा नावाच्या बाईंनी घेतलं मला, साठीच्या होत्या. पहिल्याच घरी मी पोटमाळ्याची झडप उघडली, डोकं आत घातलं, टॉर्च फिरवला आणि खाली उतरले. त्यांनी माझे गुडघे पाहिले. "स्वच्छ आहेत," म्हणाल्या. "परत जा वर."

तर ते वाक्य. "पोटमाळा झडपेतून पाहिला." नियमात बसतं — आत जायला जागा नसेल, धोका असेल, तर तसं लिहायची मुभा आहे, आणि लिहिलं की तपासनीस सुटला. पण मी ते वर्गात नाही शिकले, मिस्टर स्ट्राउड. माझ्याच घराच्या अहवालात वाचलं होतं, पान अकरा. अजून नाही ओळखलंत? परवाना माहेरच्या नावावर आहे. तेव्हा मी मोझली होते. लिंडेन रस्ता, पिवळं घर, दारात साल सुटलेल्या खोडाचं बर्चचं झाड. हां. आता कप खाली ठेवा, सांडेल.

मागच्या कोपऱ्यात केव्हातरी आग लागून गेली होती, जळके वासे कुणीतरी पांढऱ्या रंगानं रंगवून टाकले होते. झडपेतून सगळं पांढरंशुभ्र दिसतं. दहा पावलं आत जाऊन नख लावलं असतं, तर कोळसा हाताला आला असता — दहा पावलं! घर घेतल्यावर दुसऱ्या फेब्रुवारीत वर बर्फ साठलं आणि माझा नवरा, ऑरिन, झोपला होता त्या खोलीवर छप्पर कोसळलं. पाठीचा कणा मोडला. चार वर्षं चाकांच्या खुर्चीत होता, मग गेला. वकील म्हणाला, करारात लिहिलंय, चूक झाली तर फी परत, बाकी काही नाही. तुम्ही फी परत पाठवलीत. वर एक कार्ड, फुलांचं.

त्यानंतर सहा वर्षं मी रोज सकाळी विकाऊ घरांच्या यादीत तुमचा पत्ता शोधला आहे. या भागातल्या प्रत्येक दलालाच्या टेबलावर माझं कार्ड ठेवलं, तुमच्या घराची पाहणी माझ्याकडे यावी म्हणून. हे बोलायचं नव्हतं मला... असो, बोलले. आणि हेही ऐका — पोटमाळ्याचं पान मी आज सकाळी गाडीतच लिहून टाकलं होतं. तेच वाक्य, तुमचंच, खाली एक ओळ: इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घेऊ नये. वाटलं, घेणारं जोडपं घाबरेल, सौदा मोडेल, मुलीकडे ॲरिझोनाला जायचं तुमचं राहील. आणि खोटं कुणी म्हणू शकलं नसतं.

पण मग मागच्या खोलीचं छत पाहिलं. कोपऱ्यात हातभर चौकोन बाकीच्या पांढऱ्यापेक्षा जास्त पांढरा आहे. रंग गेल्याच आठवड्यातला — वास येतो अजून. खाली काय आहे? ओल? पोटमाळ्यात शेवटचे कधी चढला होता तुम्ही, स्वतःच्या? दहा वर्षं? पंधरा? ... वाटलंच. वर काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही.

आणि घर घेणाऱ्या त्या पोरीला सातवा महिना आहे. त्या कोपऱ्याखाली पाळणा ठेवायचा म्हणत होती. ती ते वाक्य वाचून घाबरली असती? छे. मीही वाचलं होतं, आणि पान उलटलं होतं. म्हणून पुसून टाकलं — हे बघा, पान कोरं आहे. आता तिथे जे असेल तेच लिहीन, शब्दही जास्त नाही, फोटोंसकट.

नाही, शिडी धरायला नको. मला झेपते. तुम्ही इथे बसा, स्वयंपाकघरातच. तुम्ही माझं घर तपासलंत त्या दिवशी मीही अशीच बसले होते, तुमच्यासाठी थर्मासमधली कॉफी ओतत, आणि वरून एकही पाऊल वाजलं नव्हतं. मला कळायला हवं होतं. आज तुम्ही ऐका. मोजा हवं तर. पावलं मागच्या खोलीवर जाऊन थांबली, की समजा, मी खाली वाकले आहे.

आता बोलू नका.