मेंदू नगं, पंखा दे

—आगं आगं, हात नगं लावू! लांबनं बघ. गरम असतंय ते. बस तू, त्या खुर्चीत बस, बघ कशी हाय — मोटारीतली शीटच जणू, मागं रेललं की आपली आपण झोपती, सकाळी आमची कारभारीण रतनबाई बसली तर पाय वर आन् डोकं खाली, तिघांनी मिळून सरळ केली म्हातारीला. तू आपली पुढं सरकून बस. वर्षाली ना नाव तुजं? बरं. तुजे वडील, मामा, समदी बसल्यात पडवीत पोहे खात, स्वराज आमचा येतोच एवढ्यात — फस्ट शिफ्ट सुटली कवाच, पर बदलीचा माणूस आला न्हाई की कंपनी सोडत न्हाई, मग दारं बसवायची कुणी? — म्हंजी गाडीची दारं गं, मोटारीची. दिवसभर दारं बसवतो तो. — म्हंजी काँप्युटरवरनंच बसवतो! बटन दाबलं की दार बसतं. काँप्युटरातच हाय तो, इंदुताईनं जमवताना सांगितलं आसंलच तुमाला. तर सून म्हणली, मामंजी, पोरीला काँप्युटर बघायचाय म्हणती, तुमी बसा तिच्यापाशी, त्याला हात लावू दिऊ नका आन् तोंड लई चालवू नका. म्हणून मी गप बसलोय.

काय? कोण पळतोय? हां, तो पडद्यावरचा व्हय! तो गेमातला माणूस. सकाळपासनं पळतोय बिचारा. रतनबाईला लई वंगाळ वाटलं त्याचं, म्हणली, एवढी जड बंदूक घिऊन पळतंय पोरगं, घोटभर पाणी न्हाई प्यालं, कुणीतरी थांबवा रं त्याला. मधीच मरतो, परत उठतो, परत पळतो — देवाला उदबत्ती ओवाळताना म्हातारीनं त्यालाबी ओवाळली. न्हाई गं, तो माऊस हलवून काय उपेग न्हाई. व्हय, तू डावीकडं नेलास आन् तो उजवीकडं गेला, बघितलं म्या. आता तुमची पयलीच भेट, लगीच ऐकंल का तुजं? अपडेट चालू हाय. अपडेट! काय बी अडलं की अपडेट म्हणायचं असं दुकानवाल्यानं — न्हाई, म्हंजी चालूच हाय. ती? ती पडद्यामागं खोचलेली पेनड्राइव्ह व्हय? ती शोभेची हाय.

कार्ड कंचं? लाल. मेमरी? भरपूर. प्रोसेसर? भोसरीचा. — आता मोबाइलची टॉर्च कशाला लावतीस? एवढा उजेड हाय आत, निळा, हिरवा, जांभळा, गणपतीच्या मांडवात नसतो एवढा, त्यात तुजी टॉर्च काय दिसणार? आगं डोळा लावू नगं काचंला, काच पुसून ठिवलीया — हसतीस का? आँ? हसतीस म्हंजी कळलं तुला. कळलं ना? न्हाई कळलं तर मी काय सांगत न्हाई, आपण शब्दाचा पक्का माणूस. पर कळलंच आसंल तर मग झाकून काय उपेग? ये, खुर्ची पुढं घे. पडवीत आवाज जाऊ दिऊ नगं.

तर मी गेलो भोसरीला. तितं प्रज्वल म्हणून एक पोरगं हाय, काँप्युटरचं दुकान हाय त्याचं. म्हणला, आजोबा, गेमिंगचा पायजे? बजेट काय? म्हणलं, एक म्हस. दुसरा असता तर खिदळला असता, पर हे गावाकडचं पोर, त्यानं नीट इचारलं — दुभती का भाकड? म्हणलं, भाकड. तोंडच पडलं त्याचं. म्हणला, भाकड म्हशीत गेमिंग बसत न्हाई आजोबा, टायपिंग बसतंय. म्हणलं, तू मांड तर खरं. मग त्यानं काउंटरवर एकेक वस्तू मांडली. बिस्किटाएवढं काय तरी काढलं, म्हणला, ह्यो प्रोसेसर, ह्यो मेंदू. म्हणलं, बाहेरनं दिसतो का? न्हाई म्हणला, त्याच्यावर पंखा बसतो. म्हणलं, मग मेंदू नगं, पंखा दे. आमच्या घरात कुणाचाच दिसत न्हाई, काय अडलंय कुणाचं? मग ह्या पट्ट्या — म्हणला, ह्यात मेमरी, आठवण ऱ्हाती. म्हणलं, आठवण इकत कशाला घिऊ, म्हातारी हाय की घरात, म्या लग्नात काय खाल्लं ते बी काढती अजून. तर तो म्हणला, नुसत्या लाइटच्या पट्ट्याबी येत्यात, आत काय नसतं, खाच रिकामी दिसू नये म्हणून बनवत्यात. आता मला सांग, एवढ्या मोठमोठ्या कंपन्या असली मस्करी करत्यात आन् गावात नाव खराब कुणाचं? तात्याबाचं! म्या काय केलं? हितं पयली कंपनी आली तवा मोजणीच्या साहेबाला एवढंच म्हणलो की त्या चिंचंखाली रातची बाई दिसती. साहेबानं भिंतच वळवून घेतली. आजबी तितं वाकडी हाय, वळताना ट्रकवाले शिव्या घालत्यात. बाई कधी दिसली न्हाई कुणाला — हां, काय सांगत व्हतो? ग्राफिक कार्ड. त्याची किंमत ऐकली आन् म्या हातच जोडले. दोन दुभत्या म्हशी, वर रेडकू! तर त्याच्यापाशी एक मयत झालेलं पडलं व्हतं, कुणाचं तरी जळालेलं, त्यानं फडक्यानं पुसलं, कुठली तरी वायर कुठं तरी जोडली आन् पंखे फिरायला लावले, पडद्यामागं गेमाच्या पिच्चरची पेनड्राइव्ह खोचून दिली. बघ की, जित्तं वाटतंय का न्हाई? शेवटी तोच दमला, म्हणला, आवो आजोबा, तुमी काँप्युटर घेताय का नवरदेव सजवताय? म्हणलं, तेच करतोय की बाबा!

आन् मग त्यानं एक जड डबा काढला. पावर सप्लाय. म्हणला, आजोबा, बाकी कशातबी हात आखडा, ह्यात नगं. म्हणलं, दिसतो का? म्हणला, न्हाई, तळाला झाकलेला असतो. म्हणलं, मग हलका दे. तर त्यानं मागच्या भंगारातनं एक — ए! ए पोरी! वायर का उपटलीस? समदं इझलं की! पंखेबी थांबले. आगं, मेंदू न्हाई म्हणलं तर हसलीस, मेलेलं कार्ड म्हणलं तर पोट धरून हसलीस, आन् ह्या एवढ्या डब्यापायी डोळं वटारतीस? घर पेटंल? आमचं? कायतरीच, सकाळपासनं चालू हाय, काय झालं न्हाई. वास? व्हय, वास येत व्हता मगासपासनं. आमाला वाटलं, नव्या वस्तूचा वास. रतनबाई म्हणली, किती नवा हाय बघा!

बस. उठू नगं. उठलीस तर कळतं मला, आता तू पडवीत जाणार, वडलांच्या कानात सांगणार, मग ते मोबाइल बघणार आन् म्हणणार, निघतो आमी, कळवतो. सांग, तुजा हक हाय. पर एवढं कर पोरी, नकार माज्या नावानं दे. म्हण, म्हातारा येडा हाय, असल्या घरात न्हाई ऱ्हायचं मला. पर पोरगं लबाड हाय असं म्हणू नगं. त्याला ह्यातलं काय बी ठावं न्हाई. सकाळी शिफ्टला गेला तवा हितं नुसतं टेबल व्हतं. त्यानं माहितीच्या कागदावर साफ लिवलं व्हतं — लाइनीवर दारं बसवतो, काँट्रॅक्टवर हाय. इंदुताई आली तवा तो कामावर, मी एकटाच ओट्यावर. ती म्हणली, पोरीचा एकच सवाल हाय, घरात काँप्युटर हाय का? म्हणलं, हाय की! गेमचा, काचंचा, लाइटचा! तोंडातनं गेलं. आन् मग एकदा म्हणलं तर — आता हितं काय व्हतं ते तुला म्हाईत न्हाई. पाव्हणं येत्यात, पर्मनंट हाय का एवढं इचारत्यात, आन् चहा तसाच ठिवून जात्यात. मग आमचा स्वराज ते भरलेले कप एकेक करून मोरीत ओततो, स्वतः इसळतो, आईला हात लावू देत न्हाई. शिव्या घातल्या असत्या ना त्यानं, तर मी हे काय बी केलं नसतं बघ.

म्हस? व्हय, इकली. त्याला म्हणलं, मोशीला आत्याकडं पाव्हणी गेलीया. आता म्हस पाव्हणी जाती का? पर त्याचा माज्यावर इश्वास! शिफ्टवरनं आला तो कंपनीचे बूट न काढता, पेंडीचं पोतं गाडीवर टाकून गेला मोशीला, का तर आत्या तिला कोरडा कडबा घालंल म्हणून. आत्या म्हणली, कसली म्हस? तिला सांगून ठिवायचं राहिलंच व्हतं माजं. पोतं घिऊन परत आला, जाग्यावर ठिवलं, माज्याकडं नुसतं बघितलं आन् जेवायला बसला. भाकड म्हस गं! दूध न्हाई का काय न्हाई.

काय म्हणलीस? परत बोल. तू पोरगा बघाया न्हाई आलीस? ह्याला बघाया आलीस? ह्या डब्याला? आरं द्येवा! आन् आमी समदी स्वराजला काय काय इचारतील त्याची तयारी करून बसलोय — पगार, शेत, दारू पितो का — आन् तू त्याला सोडून ह्यालाच सवाल करतीस! मग तुजा कुठाय? वडलांनी इकला? आता, लगीन ठरवायला काढल्यावर? पोरीच्या जातीनं रातभर धडाधडा गोळ्या झाडू नयेत म्हणून? आन् इकला कुणाला — शेजारच्या पोराला! त्यो आता तुज्या खिडकीसमूर बसून खेळतो! छ्या छ्या छ्या. म्हणून तू ठरवलंस, ज्या घरात काँप्युटर आसंल तितलंच बघायचं. बरं झालं. आमी म्हस इकून डबा आणला, तुज्या बानं डबा इकून मांडव घालायला काढला. तुज्या बापाला आन् मला एका दावणीला बांधायला पायजे.

तोंड पाडू नगं. मी काय करू ते सांग. — थांब, सावकाश सांग, मला लिवता येत न्हाई, ध्येनात ठिवावं लागतं. खुर्ची परत. आगं, खुर्ची? रतनबाईला आता कुठं बसायची युक्ती कळलीया — बरं बाई, परत. पंखे दोन ठिवायचे, बाकीचे परत. लाइटच्या पट्ट्या समद्या परत, त्याच्याजागी आठवणीच्या. आधी मेंदू. नवा नगं, दोन-तीन सालं जुना चालंल, पर चांगल्या घरचा. कार्ड वापरलेलं चालंल, पर जित्तं, आन् चालू करून बघितल्याबिगर पैसे द्यायचे न्हाईत. पावर सप्लाय तेवढा नवा, जड. आन् हे समदं भाकड म्हशीत बसतंय? प्रज्वल तर न्हाई म्हणला व्हता. — त्याला लाइट वजा करून इचारलंच न्हाई म्या? आता माजं चुकलं का त्याचं? माजं. बरं. तू येशील दुकानात? मी तोंड उघडणार न्हाई, तुजी आण. बरं, कमी उघडीन.

हितं ठिवायचा न्हाई म्हणतीस? का? व्हय, धूळ येती खरी, दिवसभर ट्रकच चालत्यात रस्त्यानं. मग कुठं? आतल्या खोलीत? त्या डावीकडच्या? आगं, ती स्वराजची खोली हाय. त्याच्या खोलीत ठिवल्यावर तुला कसा मिळणार खेळाया? तू दापोडीला, काँप्युटर निघोज्यात, त्याच्या खोलीत, मग रातची तू कशी काय —

हां.

हां हां. न्हाई, कळलं. मला जरा उशिरा कळतं, मी प्रोसेसर घेतला न्हाई ना. आधी त्याला बघते म्हणतीस? बघ की, कोण नगं म्हणतंय! नीट बघ. त्याला काचबीच काय न्हाई, जे हाय ते वरच हाय. प्लगाला अर्थिंग? हाय — न्हाई — आज संध्याकाळी वायरमनला धरून आणतो, खड्डा मी खांदतो, मीठ-कोळसा टाकतो, तू काळजी करू नगं. पाणी बी मीच घालीन रोज त्याला.

— गप. ऐकलंस? गाडी हाय त्याचीच, सायलेन्सर फुटलाय. बूट काढतोय. पदर — पदर कुठला, ड्रेसाची ओढणी नीट कर. खुर्चीत मागं रेलू नगं, आपटशील. आन् म्हशीचं, डब्याचं, समदं तूच सांग त्याला, तुज्यावर न्हाई वरडायचा. मी? मी कुठाय हितं? म्हातारा माणूस, बसल्या बसल्या डोळा लागला, कवाचा झोपलाय म्हण. बोला तुमी. मला काय ऐकू येत न्हाई.